पाहिजे: सडपातळ, देखणे, रोजच्या वापराचे

आमच्या घरात वस्तूची किंमत डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. पितळेचा डबा असो, बिडाचा तवा असो, की लग्नात आलेली चांदीची वाटी असो. आई ती तळहातावर ठेवते, दोनदा वरखाली करते आणि 'जड आहे हो' म्हणते. झालं, वस्तू पास. 'अगदीच पत्रा आहे' म्हणाली, की ती वस्तू, ती देणारा माणूस आणि त्याचं गाव, तिन्ही कायमची नापास. सोन्याचं तर विचारूच नका. आम्ही कलिंगडसुद्धा याच न्यायाने निवडतो. जास्त वजन, जास्त दाम. हा हिशेब आम्ही बाळघुटीबरोबर प्यायलेलो. त्यामुळे दुकानदार जितकं कमी देईल तितके पैसे जास्त घेईल, अशीही एक वस्तू राजरोस विकली जाते, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. ती वस्तू म्हणजे मनगटी घड्याळ.

आतापर्यंतचं माझं घड्याळ मेहुण्याने दिलेलं. तो दुबईला असतो आणि येताना जे आणतो ते जडच आणतो. आधी खजूर, मग ब्लँकेट, मग हे. आईने ते तळहातावर ठेवलं, दोनदा वरखाली केलं आणि म्हणाली, "चांगलं भरीव आहे हो." सुनेच्या माहेराबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा परिस्थितीत ते घड्याळ न वापरण्याची हिंमत कोण करणार?

त्याची जाडी चौदा मिलिमीटर. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. त्यावरून शर्टाच्या बाहीचं बटण लावून बघा. मी कित्येक वर्षं ऑफिसात उजवी बाही बंद आणि डावी दुमडलेली अशा अवस्थेत वावरलो. नवीन आलेल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात अत्यंत हळुवारपणे विचारलं होतं, "हाताला काही झालं होतं का?" पीएमपी बसच्या गर्दीत ते एकदा एका बाईंच्या पर्सच्या पट्ट्यात असं गुंतलं, की त्या जिथे उतरल्या तिथे मला उतरणं भाग पडलं. त्या बाईंनी फुटपाथवर उभं राहून मला जे ऐकवलं, ते ऐकायला चार माणसं जमली होती. त्यांपैकी दोघं बाईंच्या बाजूचे होते. उरलेले दोघं घड्याळाची किंमत विचारत होते.

तबकडी मोठी, आणि तिच्या पोटात आणखी तीन छोट्या तबकड्या. एकीत सेकंद, दुसरीत मिनिटं, आणि तिसरीत काय आहे ते मेहुण्यालाही माहीत नव्हतं. कडेच्या दोन बटणांपैकी एक सारखं चुकून दाबलं जायचं आणि मधला मोठा काटा पळत सुटायचा. त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या बहुतेक मीटिंगा मी नकळत सेकंदांत मोजलेल्या आहेत. तबकडीच्या भोवती कोरलेले आकडे होते: ४००, २००, १००, ८०, ६०. हे काय, म्हणून माहिती काढली. तो निघाला वाहनाचा वेग मोजायचा पट्टा. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी थांबवायचं. काटा ज्या आकड्यावर, तो ताशी वेग. किलोमीटरला अर्धं मिनिट लागलं तर १२०, पूर्ण मिनिट लागलं तर ६०. मिनिटापेक्षा जास्त लागलं तर? तर काही नाही, पट्टा तिथेच संपतो. ताशी ६० च्या खाली जाणारा मनुष्य त्या घड्याळाच्या हिशेबी हलतच नाही. मी राहतो पुण्यात. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याने जातो. इतकी वर्षं मी मनगटावर असं यंत्र वागवत होतो, जे मला स्थावर मालमत्ता समजत होतं.

शिवाय ते पाण्यात दोनशे मीटरपर्यंत चालणारं होतं. मला पोहता येत नाही. मी बुडाल्यावर ते तळाशी अचूक वेळ दाखवत राहील, हा दिलासा कुणाला आणि कसा, ते मला कधी नीट कळलं नाही.

शेवटी एका रविवारी चहा पिताना मी जाहीर केलं, की आता मला दुसरं घड्याळ हवं. पातळ. दिसायला चांगलं. फार महाग नको. रोज वापरता आलं पाहिजे. बायकोने वर्तमानपत्र खाली केलं.

"सडपातळ, देखणी, बेताच्या घरची, रोजच्या कामाला उपयोगी," ती म्हणाली. "ही जाहिरात तुमच्याकडच्यांनी पूर्वी एकदा दिली होती. तेव्हा काय मिळालं ते आठवतंय ना? मग बेतानं."

घरातल्या माणसाला घड्याळ घ्यायचंय हे कळल्यावर प्रत्येकाकडे मत तयार असतं. गाद्या किंवा गीझर घेताना ही मंडळी कुठे असतात कोण जाणे. मुलगा म्हणाला, "बाबा, स्मार्टवॉच घ्या. पावलं मोजतं."

आई आतून म्हणाली, "मोजायला आधी टाकावी लागतात."

"आजी, ते बसून राहिलं की सांगतं पण, उठा म्हणून."

"त्याला पैसे कशाला? ते मी सांगते, तुझी आई सांगते."

स्मार्टवॉच या मुद्द्यावर बाद झालं. शिवाय ते रोज चार्जिंगला लावावं लागतं. आमच्या घरातल्या तीन प्लगांवर चार मोबाईल आधीच ताटकळत असतात. तिथे वशिला नसलेल्या नव्या उमेदवाराचा निभाव लागला नसता.

मग मला सुचलं, की सोसायटीच्या ग्रुपवर विचारावं. तिथे डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, निवृत्त लोक तर ढिगाने आहेत. मी लिहिलं, 'सध्याच्या परिस्थितीत घड्याळ घ्यावं का?' पाच मिनिटांत ग्रुप पेटला. एकाने लिहिलं, घड्याळाला आमचा विरोध आहे. दुसऱ्याने लिहिलं, घड्याळ कुणाचं हे निवडणूक आयोगाने २०२४ सालीच ठरवून टाकलंय. तिसऱ्याने तुतारीचं चित्र टाकलं. तळमजल्यावरच्या काकांनी 'बारामतीकरांना सांगा' अशी सुरुवात करून एक प्रदीर्घ मजकूर लिहिला, जो मी अजून वाचतो आहे. अखेर अॅडमिनने सूचना काढली: 'ग्रुपवर राजकीय प्रचार करू नये. दुसऱ्यांदा केल्यास काढून टाकण्यात येईल.' मी तेव्हापासून तिथे फक्त वाढदिवसाला केकचं चित्र टाकतो.

ऑफिसात एक घड्याळतज्ज्ञ आहे. प्रत्येक ऑफिसात असतो. आधी तो कॅमेरेतज्ज्ञ असतो, मग कॉफीतज्ज्ञ होतो आणि शेवटी घड्याळांवर येऊन स्थिरावतो. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "मूव्हमेंट कुठली बघतोयस?"

मी म्हटलं, "हात हलवल्यावर बाहीत अडकू नये, एवढीच."

त्याने डोळे मिटून घेतले. सेलवर चालणारं घड्याळ म्हणजे खेळणं, असं त्याचं मत. घड्याळ कसं जिवंत पाहिजे, आत चाकं फिरली पाहिजेत, स्प्रिंग उलगडली पाहिजे, मनगटाच्या हालचालीवर ते चाललं पाहिजे. त्याच्याकडे तसं आहे, चाळीस हजारांचं. शनिवार-रविवार तो सोफ्यावरून हलत नाही आणि ते काढून ठेवतो, त्यामुळे ते सोमवारी बंद असतं. ते तो माझ्या मोबाईलवरून लावून घेतो. खरं म्हणजे उत्तम प्रमाणपत्र मिळवलेल्या स्विस यंत्रालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. सेलवरचं साधं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. आतला एवढासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि घड्याळ ते थरथरणं मोजतं. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोने स्फटिकावर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्या किमतीत छोटी मोटार येत होती. आज तीच करामत काहीशे रुपयांत मिळते.

आता एवढी अचूकता आपण करायची काय, हा प्रश्न वेगळा. १९०६ साली देशात एक प्रमाणवेळ आली, तर मुंबईने ती मानायला नकार दिला आणि १९५५ पर्यंत आपली स्वतःची 'मुंबई टाइम' चालवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. पुढे कागदोपत्री ती बंद झाली. पण आपल्याकडचा कुठलाही सत्कार समारंभ पाहा, सहाचा कार्यक्रम सहा एकोणचाळीसला सुरू होतो की नाही? स्फटिक बिचारा थरथरून थरथरून दमतो आणि आपण प्रमुख पाहुण्यांची वाट बघतो.

आमच्या ऑफिसातल्या लिफ्टमनच्या हातात कॅसिओचं ते काळं प्लॅस्टिकचं घड्याळ आहे, एफ-९१डब्ल्यू. १९८९ सालचं हे मॉडेल, अजून जसंच्या तसं विकलं जातं. वजन एकवीस ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, वेळ बिनचूक, अंधारात दिवा लागतो, गजर होतो. स्वस्त. मी तेच घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. घरी फोटो दाखवला. बायको म्हणाली, "यंदा दहावीला बसताय का?" विषय संपला.

सासऱ्यांना कळल्यावर त्यांचा फोन आला. "अहो जावईबापू, नवीन कशाला घेताय? तुमच्या वडिलांचं एचएमटी असेल ना घरात." होतं. आईच्या कपाटात, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. जनता मॉडेल, किल्लीचं. बेंगळुरूला १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने एचएमटीने घड्याळं करायला सुरुवात केली, आणि मग पुढची पंचवीसेक वर्षं आपल्याकडे घड्याळ निवडणं हा प्रकारच उरला नाही. मिळेल ते घ्यायचं. जावयाला एचएमटी, दहावीत पहिल्या आलेल्याला एचएमटी, निवृत्त होणाऱ्याला एचएमटी; त्याला आता वेळेचं काही काम नाही, तरी एचएमटी. वडील रोज सकाळी दाढी झाली की किल्ली द्यायचे. आम्ही कुणी तिला हात लावायचा नाही, कारण जास्त पिळली तर स्प्रिंग तुटते. माझ्या लहानपणी मला घरात दोन गोष्टींची भीती होती, त्यातली ही एक. दुसरी वडीलच.

गंमत म्हणजे ते घड्याळ माझ्या हाताला नेमकं बसत होतं. पातळ, साधं, पांढरी तबकडी, शर्टाच्या बाहीत सहज जाणारं. फक्त चालत नव्हतं. ते घेऊन मी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मला वाटलं, आत वडील दिसले की काय.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"चालेल?"

"तसं म्हटलं नाही मी. चांगलं आहे म्हटलं." मग त्यांनी भिंग काढलं. "एचएमटीचं घड्याळाचं काम सरकारने २०१६ ला बंदच केलं. सामान जुन्या घड्याळांतून काढावं लागतं. ठेवून जा, बघतो."

ते अजून तिथेच आहे. ते बघताहेत.

दरम्यान मुलाने शोधून दिलं, की जुनी एचएमटी ऑनलाइन मिळतात, तीही अगदी नव्यासारखी. भगवी तबकडी, हिरवी तबकडी, निळ्या तबकडीवर लाल काटे. मला शंका आली, कारण वडिलांच्या काळात एचएमटीला एवढा रंगेलपणा परवडत नव्हता. तज्ज्ञाला विचारलं तर तो खो खो हसला. चार मेलेल्या घड्याळांतले अवयव गोळा करून पाचवं उभं करायचं, त्याची तबकडी नव्याने रंगवायची आणि विकायचं, या उद्योगाला जगभरातल्या घड्याळवेड्यांत 'मुंबई स्पेशल' म्हणतात म्हणे. मी इतकी वर्षं समजत होतो, की हे नाव फक्त सँडविचवाल्याच्या पाटीवर असतं. लंडन-न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी आपल्याकडचं गाव ओळखतं, ते या कारणाने. असो.

मग आम्ही सरळ मोठ्या दुकानात गेलो. एसी, काचेची कपाटं, आणि प्रत्येक घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली. जाहिरातीतही हीच वेळ असते. काटे दोन्हीकडे वर जातात आणि मधे कंपनीचं नाव मोकळं राहतं. दुकानात तेव्हा खरे पाच वाजले होते, पण शेकडो घड्याळांत ते सांगायला एक तयार नव्हतं.

विक्रेत्या मुलाने विचारलं, "सर, बजेट?"

"दोन हजार."

तो मुलगा चांगल्या घरचा असावा. तो हसला नाही. त्याने फक्त मान हलवली आणि आम्हाला जिन्याजवळच्या कपाटाकडे नेलं. तिथली सगळी घड्याळं माझ्या मेहुण्याची भावंडं होती. जाड, चकचकीत, तीन-तीन तबकड्यांची. "पातळ दाखवा," म्हटल्यावर तो आम्हाला दुकानाच्या मधल्या कपाटाकडे घेऊन गेला. इथे बजेट पाच हजार झालं. "आणखी पातळ?" विचारल्यावर आम्ही सोफ्यापाशी आलो, पाण्याचे ग्लास आले आणि बजेट दहाच्या पुढे गेलं. त्या दुकानात पातळपणा जितका वाढतो तितका पाहुणचार वाढतो, असं माझं निरीक्षण आहे.

मग त्याने मखमलीच्या ट्रेमध्ये एक घड्याळ ठेवलं. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "यात सेकंदकाटा कुठाय?"

"नसतो सर. स्लिम आहे."

"तारीख?"

"स्लिम आहे सर."

"आकडे?"

"मिनिमल आहे सर."

"पाणी?"

"तीस मीटर वॉटर रेझिस्टंट आहे सर."

"म्हणजे पोहायला चालेल?"

"नाही नाही सर. हात धुताना चालेल."

तीस मीटर खोल जाणारं घड्याळ बेसिनपलीकडे नेऊ नये, हे ऐकून बायको म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे. कागदावर सगळं येतं."

त्याच्या बाजूने एवढं सांगितलं पाहिजे, की पातळ घड्याळ करणं खरोखर अवघड असतं. पाठीचं झाकण, त्यावर यंत्र, त्यावर तबकडी, मग तासकाटा, त्याच्यावर मिनिटकाटा, त्याच्यावर सेकंदकाटा, आणि हे काटे काचेला घासू नयेत म्हणून मधे मोकळी जागा. प्रत्येक जण आपली जागा अडवून बसलेला. जाडी कमी करायची तर कुणाला तरी घराबाहेर काढावं लागतं, आणि पहिला जातो तो सेकंदकाटा. सगळ्यात जास्त काम करणारा तोच. आपल्याच टायटनने २००२ साली एज नावाचं घड्याळ काढलं, त्याची एकूण जाडी साडेतीन मिलिमीटर आणि आतलं यंत्र १.१५ मिलिमीटर. हे तमिळनाडूतल्या होसूरला झालं. वाचून मला अभिमान वाटला. मग किंमत बघितली आणि तो अभिमान मी दुरूनच बाळगायचं ठरवलं.

श्रीमंतांत तर याची शर्यत लागलेली आहे. २०२२ च्या मार्चमध्ये बुल्गारीने १.८० मिलिमीटरचं यांत्रिक घड्याळ काढलं आणि जगातलं सर्वात पातळ म्हणून मिरवलं. जुलैत रिशार मिलने १.७५ चं काढलं. किंमत सुमारे एकोणीस लाख डॉलर, म्हणजे पंधरा कोटींच्या घरात. २०२४ मध्ये बुल्गारी १.७० वर आली, आणि त्याच वर्षी कॉन्स्तान्तिन चायकिन नावाच्या रशियन घड्याळकाराने १.६५ चा नमुना दाखवून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. एक शतांश, पाच शतांश मिलिमीटरसाठी माणसं रात्री जागताहेत. आणि हे सगळं आणून आमच्या आईच्या तळहातावर ठेवा. ती दोनदा वरखाली करील आणि म्हणेल, "पंधरा कोटी? पत्रा आहे रे."

बाहेर पडताना मला एका कपाटात अगदी मनासारखं घड्याळ दिसलं. लहान, पातळ, चामडी पट्टा, साडेतीन हजार. मी हातावर लावून बघतो तोच तो मुलगा धावत आला. "सर, हा लेडीज सेक्शन आहे." माझं मनगट मुळात बारीक. पुरुषांची घड्याळं हल्ली चाळीस-बेचाळीस मिलिमीटर रुंद असतात. ती माझ्या हातावर दोन्हीकडून बाहेर डोकावतात आणि खाली मनगट आहे की नाही अशी शंका येते. वडिलांच्या काळातली पुरुषांची घड्याळं आज बायकांच्या कपाटात बसली असती. मी त्या मुलाला हे सांगणार होतो, पण बायको म्हणाली, "घ्या ना. म्हणजे मलाही वापरता येईल." तिच्या आवाजातला उत्साह बघून मी ते परत ठेवलं. आमच्या घरात जे दोघांना वापरता येतं ते मला वापरता येत नाही. छत्री, चार्जर आणि उशीचा अनुभव आहे.

शेवटी घड्याळ मिळालं ते रविवार पेठेतल्या एका छोट्या दुकानात. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत गेलं की मालकांना उठून उभं राहावं लागायचं. त्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता. मी माझ्या अटी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "मनगट दाखवा."

मी दाखवलं.

"हं," ते म्हणाले. माझ्या मनगटाबद्दल इतकं मोजकं आणि इतकं पुरेसं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "वेळ बघायची आहे का दाखवायची आहे?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही मिळणार या पैशात." आणि त्यांनी खणातून एक घड्याळ काढलं. करड्या तबकडीचं, साडेसहा मिलिमीटरचं, आत जपानी यंत्र, पट्टा चामडी. भाव तीन हजारांच्या आत. पट्टा माझ्या हाताला मोठा होता, तर त्यांनी तिथल्या तिथे दोन भोकं जास्त पाडून दिली. पट्ट्याचं उरलेलं टोक आता मनगटाला वळसा घालून परत बकलापाशी येतं. "पावसाळ्यात पट्टा रात्री काढून ठेवा, नाहीतर वास मारेल. सेल दोन वर्षांनी. हात धुताना जपा," असं सांगून ते पुन्हा बसले, म्हणजे मी बाहेर पडलो.

घरी सासरे आले होते. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून, लांब धरून, जवळ धरून ते पाहिलं.

"आकडे कुठायत?"

"नसतात हो हल्ली. मिनिमल आहे."

"ते वेगळे घ्यायचे असतात का?"

आईने तळहात पुढे केला. मी ते दिलं नाही.

पुढच्याच महिन्यात भाचीचं लग्न होतं. पत्रिकेत मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा, अंगात नवा सदरा, दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली. आयुष्यात प्रथमच माझे दोन्ही हात सारखे दिसत होते. अक्षता वाटून झालेल्या, तीन मंगलाष्टकं झालेली, आणि गुरुजी अंतरपाटाआडून म्हणाले, "मामा, किती झाले बघा जरा."

मी ऐटीत बाही मागे सारली. करड्या तबकडीवर करडे काटे. चष्मा आतल्या खिशात आणि दोन्ही मुठींत अक्षता.

"साडेबारा... ते पावणेएक," मी म्हटलं.

"साडेबारा की पावणेएक?"

"मधे कुठेतरी."

गुरुजींनी उपरण्याच्या टोकाने झाकलेला मोबाईल काढला. "अजून तीन मिनिटं आहेत. हौशी मंडळींपैकी कुणी एक म्हणा." भाचीच्या आत्याबाई याच क्षणासाठी दबा धरून बसल्या होत्या. त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं, त्यात दोन्हीकडच्या हयात-नाहयात सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफलेली. ते संपलं तेव्हा मोबाईलमध्ये १२ वाजून ४६ मिनिटं झाली होती. माझ्या घड्याळात अजूनही साडेबारा ते पावणेएकच्या मधेच कुठेतरी होतं, त्यामुळे माझ्यापुरता मुहूर्त साधला.

जेवणाच्या पंगतीत मेहुणा माझ्या शेजारी बसला. त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. "भावोजी, मी दिलेलं कुठे गेलं?" मी घास गिळेपर्यंत समोरून आई म्हणाली, "अरे, ते भारी आहे ना, म्हणून कपाटात जपून ठेवलंय. हे आपलं रोजचं." मेहुणा इतका खूश झाला, की पुढच्या खेपेला याहून भारी आणतो म्हणाला.

तर सांगायचं म्हणजे, मागितलं होतं तसं सगळं मिळालं. घड्याळ पातळ आहे, देखणं आहे, परवडलं, आणि मी ते रोज घालतो. कुठे भेटलात तर जरूर बघा, छान आहे म्हणा, हवं तर कुठून घेतलं तेही विचारा. वेळ तेवढी विचारू नका. तुमच्या खिशात मोबाईल असेलच.